फेरफार, पोथी आणि गिट

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

एकाच मजकुरावर अनेक माणसें काम करूं लागलीं म्हणजे काय घडतें, याचा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांस घरच्या घरीं आलेला असतो. लग्नपत्रिकेचेंच उदाहरण घ्या. मसुदा तयार होतो अलिबागेस; त्याची एक प्रत जाते दादरच्या काकांकडे, दुसरी पुण्याच्या आत्याबाईंकडे. काका निमंत्रकांच्या यादींत दोन नांवें वाढवितात, आत्याबाई मुहूर्ताची वेळ दुरुस्त करतात, आणि त्याच सुमारास इकडे वडील कार्यालयाचा पत्ता बदलून मोकळे होतात. तिन्ही प्रती एकत्र येतात तेव्हां प्रत्येकीच्या माथ्यावर ‘अंतिम’ हा शब्द लिहिलेला असतो. यांतली कोणती छापखान्याकडे धाडावयाची? जींत मुहूर्त बरोबर आहे तींत आजोबांचें नांव गळालें आहे, आणि जींत आजोबा आहेत तींत पत्ता जुना आहे. अखेरीस घरांतला एकादा शांत डोक्याचा माणूस रात्रीं जागून तिन्ही कागद समोर घेतो व ओळीला ओळ लावीत बसतो.

संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या मंडळींची अडचण जातीनें हीच आहे. त्यांची पत्रिका मात्र लाखों ओळींची असते, लिहिणारे शेंकडों असतात, त्यांतले कित्येक एकमेकांस जन्मांत भेटलेले नसतात, आणि एक चिन्ह चुकलें तरी सारें काम ठप्प होऊं शकतें. या अडचणींतून वाट काढण्यासाठीं जीं साधनें निघालीं त्यांस आपण आवृत्ति-नियंत्रणाचीं साधनें म्हणूं. त्यांपैकीं आज सर्वांत प्रचलित असलेल्या साधनाचें नांव ‘गिट’. रायगडच्या किनाऱ्यावरील गांवांतून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठांत किंवा पनवेल-मुंबईच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींस आज ना उद्यां हें साधन हातीं घ्यावेंच लागतें. पुष्कळांस त्याची धास्ती वाटते. ती धास्ती कां वाटते, आणि ती जावी म्हणून शिकविणारानें काय करावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

गिट शिकविण्याची जी रीत सर्वत्र रूढ आहे ती अशी: फळ्यावर दहा-बारा आज्ञा लिहावयाच्या, त्या मुलांनीं वहींत उतरून घ्यावयाच्या, आणि लागतील तशा यंत्रास द्यावयाच्या. मंत्र म्हणावा तशा त्या म्हटल्या जातात. सर्व सुरळीत चाललें तोंवर ठीक. एकादे दिवशीं यंत्रानें अपरिचित उत्तर दिलें कीं मुलाचा धीर सुटतो. आपण काय केलें हें त्यास ठाऊक नसतें, म्हणून काय बिघडलें हेंहि त्यास कळत नाहीं. मग तो सगळें खोडून नवी प्रत घेतो, आणि दोन दिवसांचें काम त्या खोडण्यांत वाहून जातें. ज्या साधनाचा जन्मच काम हरवूं नये म्हणून झाला, त्याच्याच भीतीनें काम हरवावें, हा उलटा न्याय झाला.

म्हणून माझी सूचना अशी कीं नवशिक्यास यंत्रासमोर बसविण्यापूर्वीं त्यास दोन जुन्या वस्तूंची ओळख करून द्यावी. एक म्हणजे आपल्या गांवच्या महसुली दप्तरांतील फेरफार नोंदवही, आणि दुसरी म्हणजे आपल्या घराण्यांतून चालत आलेली हस्तलिखित पोथी. या दोहोंचे गुण व दोष ज्यास समजले, त्यास गिटचें मर्म अर्ध्याहून अधिक समजलें असें मी मानतों.

प्रथम फेरफार पाहूं. कोंकणांत सातबाराचा उतारा न पाहिलेलें घर विरळा. एवढ्याशा वाडीला वीस-पंचवीस हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईस. त्यामुळें उताऱ्यावर नांवांची रांगच्या रांग लागलेली असते. सातबारा जमिनीची आजची स्थिति सांगतो. ती स्थिति कशी आली हें मात्र त्यांत सांगितलेलें नसतें. त्यासाठीं नांवाजवळ एक लहानसा आंकडा दिलेला असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकावरून गांव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली कीं पणजोबांच्या मागें वारस कोण लागले, कोणत्या साली कोणी कोणास खरेदीखत करून दिलें, वाटप केव्हां झालें, हें सारें क्रमानें वाचतां येतें. प्रत्येक नोंदीस स्वतःचा अनुक्रमांक असतो, बदलाचें स्वरूप व कारण असतें, कोणत्या भूमापन क्रमांकावर परिणाम झाला तें असतें, आणि प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याची सही व शेरा असतो. उताऱ्यावरील जुनें नांव खरवडून काढीत नाहींत. त्यास कंस करतात. नोंद चुकीची ठरली तर ती फाडून टाकीत नाहींत. तिच्या दुरुस्तीची नवी नोंद पुढें घालतात.

यांतील कार्यपद्धतीहि लक्षांत घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या नियमाप्रमाणें नोंद लिहिली म्हणजे ती लगेच पक्की होत नाहीं. हितसंबंधी लोकांस नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत मिळते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या निराळ्या वहींत चढते, आणि सर्व पाहून वरचा अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही व्यवस्था आपण मनांत धरून ठेवूं. पुढें तिचा उपयोग होईल. कागदी फेरफाराचा दोष एवढाच होता कीं दप्तर एक असे व त्याचें ठिकाणहि एक असे. बदल करावयाचा तर दप्तराच्या दारीं जावेंच लागे, आणि दप्तरास वाळवी लागली किंवा आग लागली तर सर्वांचाच इतिहास एकदम जाई.

आतां पोथी पाहूं. पोथीची स्थिति नेमकी उलट. तिच्या प्रती गांवोगांवीं असतात. एका घरचें छप्पर गळलें तरी दुसऱ्या घरची प्रत सुरक्षित राहते. परंतु उतरून घेणाऱ्यानें कोठें काय बदललें, याची नोंद कोणीच ठेवीत नाहीं. एकाची ओळ गळते, दुसरा समासांतील टीप मजकुरांत ओढून घेतो, तिसऱ्यास एकादी ओवी सुचते आणि तो ती भक्तिभावानें मध्यें घालतो. तीनशें वर्षांत असे अनेक पाठभेद सांचले, म्हणून एकनाथ महाराजांस शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठशुद्धि करावी लागली.

याच कामाचा थोर अवतार आपल्या पुण्यास झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं त्याची धुरा वाहिली. १९४३ त ते निवर्तले तरी काम चालू राहिलें आणि १९६६ मध्यें तें पुरें झालें. एकंदर १,२५९ हस्तलिखितें तपासण्यांत आलीं. आंखलेल्या मोठ्या कागदाच्या माथ्यावर एक श्लोक लिहावयाचा, खालीं एकेका हस्तलिखितास एकेक आडवी ओळ द्यावयाची, आणि जेथें अक्षर वेगळें पडेल तेथें बरोबर त्या अक्षराखालीं वेगळा पाठ नोंदवावयाचा, अशी शास्त्रीमंडळींची रीत होती. शारदा लिपींतील प्रत कोणत्या शाखेची, मल्याळी लिपींतील कोणत्या शाखेची, कोणती प्रत कोणत्या प्रतीची लेक आणि कोणती नात, असा वंशवृक्ष त्या पाठभेदांवरून विद्वानांनीं उभा केला. या उद्योगास जवळजवळ अर्धें शतक लागलें. त्याचें मुख्य कारण एकच: प्रती होत्या, पण त्यांचा वंश कोणी लिहून ठेविला नव्हता.

श्रोतेहो, फेरफाराच्या कागदी वहींत इतिहास होता पण प्रत एकच. पोथीच्या प्रती अनेक पण इतिहास नाहीं. प्रत्येक घरीं प्रत असावी, आणि त्या प्रत्येक प्रतींत पहिल्या दिवसापासूनची संपूर्ण फेरफार नोंदवही असावी, अशी व्यवस्था कोणी केली तर? अशा व्यवस्थेलाच वितरित आवृत्ति-नियंत्रण म्हणतात, आणि गिट ही तीच व्यवस्था आहे.

तिचा जन्म २००५ सालचा. लिनक्स या नांवानें प्रसिद्ध असलेल्या संगणक-प्रणालीचें काम जगभरचे लोक करीत असत. २००२ पासून त्यासाठीं ते एका खासगी कंपनीचें साधन वापरीत. २००५ मध्यें त्याचा फुकट वापर करण्याची सवलत काढून घेण्यांत आली. तेव्हां लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्‌स यानें एप्रिल महिन्यांत स्वतःच नवें साधन लिहावयास घेतलें, आणि कांहीं दिवसांतच तें साधन स्वतःच्याच इतिहासाच्या नोंदी ठेवूं लागलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें त्याचा सांभाळ जुनिओ हामानो या जपानी गृहस्थाकडे आला. इंग्रजांच्या बोलींत ‘गिट’ हा मूर्ख किंवा तऱ्हेवाईक माणसास उद्देशून योजलेला शब्द आहे. टोरवाल्ड्‌सनें तो थट्टेनेंच ठेविला.

आतां शिकविण्याच्या क्रमाकडे वळूं. पहिल्या दिवशीं संगणकाचा कार्यक्रम लिहावयास देऊं नये. मुलाचें लक्ष एकाच वेळीं दोन अवघड गोष्टींत वाटलें जातें. द्यावी ती लग्नपत्रिका, साध्या दहा ओळींची. तिची पहिली नोंद करावयाची. हिलाच गिटच्या परिभाषेंत ‘कमिट’ म्हणतात. नोंद करण्यापूर्वीं मधला एक टप्पा आहे, आणि नवशिका हटकून तेथेंच अडखळतो. तो टप्पा असा सांगावा: मेजावर कागद पसरलेले आहेत, ती आपली कामाची जागा. त्यांतले जे आज धाडावयाचे ते आपण पाकिटांत घालतों. ही ‘ॲड’ची आज्ञा. पाकीट चिकटवून, वर तारीख, नांव व कारण लिहून तें दप्तरीं लावलें. ही ‘कमिट’ची आज्ञा. मेजावर राहिलेले कागद पाकिटांत आपोआप जात नाहींत. एवढें चित्र मनांत ठसलें म्हणजे यंत्र ‘अमुक अजून पाकिटांत नाहीं’ अशा अर्थाचें उत्तर देतें तेव्हां मूल बावरत नाहीं.

प्रत्येक नोंदींत चार गोष्टी असतात: त्या क्षणीं सर्व मजकूर कसा होता त्याचें चित्र, लिहिणाराचें नांव, वेळ, आणि कारणाचा शेरा. शिवाय पांचवी एक गोष्ट असते, ती फार महत्त्वाची. तिच्या आधींची नोंद कोणती, म्हणजे तिचा पूर्वज कोण, हेंहि ती सांगते. या सर्वांवरून गणितानें चाळीस चिन्हांची एक खूण तयार होते. शून्यापासून नवापर्यंतचे आंकडे आणि इंग्रजी वर्णमालेंतलीं पहिलीं सहा अक्षरें एवढ्यांतूनच ती बनते. पूर्वजाची खूण या हिशेबांत धरलेली असल्यामुळें जुन्या नोंदींत कोणी एक अक्षर जरी गुपचूप बदललें तरी तिची खूण बदलते, आणि तिच्यानंतरच्या साऱ्या वंशजांच्या खुणा बदलतात. लबाडी लपत नाहीं. सुखटणकरांच्या शास्त्रीमंडळास जो वंशवृक्ष पाठभेदांवरून शोधून काढावा लागला, तो येथें प्रत्येक नोंद स्वतःच्या कपाळीं लिहून आणते.

कारणाच्या शेऱ्याविषयीं विशेष सांगावयास हवें, कारण विद्यार्थी तेथें सर्वांत अधिक आळस करतात. ‘बदल केला’, ‘दुरुस्ती’, ‘पुन्हां दुरुस्ती’ असे शेरे निरुपयोगी होत. काय बदललें तें यंत्रच दाखवितें. कां बदललें तें माणसानेंच सांगावयाचें असतें. याचा उत्तम धडा आपल्या किनाऱ्यावरच आहे. अलिबागेची चुंबकीय वेधशाळा पुष्कळांनीं बाहेरून पाहिली असेल. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें १८४१ पासून होत असत. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या प्रवाहानें नाजुक उपकरणें बिघडतील म्हणून वेधशाळा अलिबागेस हलविण्याचें डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत ठरलें. १९०४ त अलिबागेचें काम सुरू झालें. पण कुलाब्याचें लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं निरीक्षणें एकाच वेळीं चालू ठेविलीं, म्हणजे एका जागच्या आंकड्यांचा दुसऱ्या जागच्या आंकड्यांशीं मेळ घालतां यावा. आज जो संशोधक त्या आंकड्यांची मालिका उघडतो, त्यास जागा बदलली हें कळतें, केव्हां बदलली हें कळतें, आणि कां बदलली हेंहि कळतें. म्हणून ती मालिका सलग वापरतां येते. शतकानंतर वाचणाऱ्या परक्या माणसासाठीं कारण लिहून ठेवणें, याचें नांव चांगला शेरा.

यानंतर फाट्यांचा पाठ. मूळ मजकूर तसाच ठेवून निराळ्या वाटेनें कांहीं करून पाहावयाचें असेल तर एक फाटा काढावा. त्यास ‘ब्रँच’ म्हणतात. जमलें तर तो मुख्य वाटेस मिळवावा, न जमलें तर सोडून द्यावा. मिळविण्यास ‘मर्ज’ म्हणतात. वर्गांत तिघांचे गट करावे. एकानें काका व्हावें, एकीनें आत्याबाई, एकानें वडील. तिघांनींहि पत्रिकेची स्वतंत्र प्रत घ्यावी. ही ‘क्लोन’ची आज्ञा. काकांनीं नांवें वाढविलीं, आत्याबाईंनीं वेळ बदलली, वडिलांनीं पत्ता बदलला. बदल निरनिराळ्या भागांत आहेत आणि समान पूर्वज यंत्रास ठाऊक आहे, म्हणून तें तिन्ही बदल स्वतःच एकत्र करतें. रात्रभर जागण्याचें काम निमिषांत झालेलें पाहून मुलांचे चेहरे उजळतात.

आणि मग मुद्दामच भांडण लावावें. काका व आत्याबाई या दोघांनींहि मुहूर्ताचीच ओळ बदलावी. एकानें अकरा वाजून पांच मिनिटें लिहावीं, दुसरीनें बारा वाजून दहा. आतां यंत्र थांबतें. कोनांच्या सात चिन्हांची एक ओळ, तिच्याखालीं एकाचें म्हणणें, मग बरोबरीच्या सात चिन्हांची ओळ, तिच्याखालीं दुसरीचें म्हणणें, आणि शेवटीं उलट्या कोनांच्या सात चिन्हांची ओळ, अशी मांडणी तें आपल्या मजकुरांत करून ठेवतें. नवशिक्यास वाटतें कीं सर्व मोडलें. येथेंच शिकविणारानें आवाज न चढवितां सांगावें: कांहींहि मोडलेलें नाहीं. यंत्र एवढेंच म्हणतें आहे कीं दोन्ही म्हणणीं मला मिळालीं, परंतु लग्नाचा मुहूर्त ठरविण्याचा अधिकार माझा नव्हे. तुम्ही दोघें बोला. मग दोघांनीं खरोखरच बोलावें, पंचांग पाहावें, एक वेळ ठेवावी, तीं चिन्हें काढून टाकावीं आणि नवी नोंद करावी. या नोंदीस दोन पूर्वज असतात. ज्याच्या हातून असें एक भांडण शांतपणें मिटलें, त्याची गिटची भीति बहुतांशीं गेली असें समजावें.

उरलेली भीति घालविण्यास काय हरवतें आणि काय हरवत नाहीं, हें सरळ सांगून टाकावें. एकदां नोंद झालेली गोष्ट सहसा हरवत नाहीं. चुकून एकादी नोंद दिसेनाशी झाली तरी यंत्र तिचा माग ठेवतें, आणि सामान्य व्यवस्थेंत निदान तीस दिवस ती परत आणतां येते. नोंद न केलेलें काम मात्र हरवतें, आणि तें परत आणण्याचा उपाय गिटपाशीं नाहीं. म्हणून लहान लहान नोंदी, वारंवार कराव्या. जुनी नोंद चुकीची निघाली तर ती पुसण्याच्या खटपटींत पडूं नये; तिला उलटविणारी नवी नोंद करावी. यास ‘रिव्हर्ट’ म्हणतात, आणि फेरफार नोंदवहीचा शिरस्ताहि हाच आहे. दुसऱ्यांनीं उतरून घेतलेला इतिहास मागाहून बळानें बदलूं नये, हा नियम पहिल्याच आठवड्यांत मनावर बिंबवावा. त्याच्याच जोडीला इशारा द्यावा कीं हें साधन विसरत नाहीं, हा त्याचा गुण तोच प्रसंगीं दोष ठरतो. गुप्त किल्ली किंवा संकेतशब्द चुकून नोंदींत गेला तर नंतर मजकुरांतून काढला तरी जुन्या नोंदींत तो राहतो. तेव्हां तो संकेतशब्द तात्काळ बदलणें हाच पहिला उपाय.

‘वितरित’ या शब्दाचें मोल आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांस समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आलें. मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूस नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, दूरध्वनि मुके झाले, आणि कित्येक गांवांत वीज परतण्यास आठवडे लागले. अशा वेळीं सर्व इतिहास दूरच्या एकाच यंत्रावर ठेवणारें साधन असेल तर विद्यार्थ्याचें काम तेथेंच थांबतें. गिटच्या प्रत्येक प्रतींत सर्व इतिहास असल्यामुळें संपर्क नसतांहि नोंदी करतां येतात, मागचें वाचतां येतें, फाटे काढतां येतात. संपर्क आला म्हणजे आपलें काम पुढें धाडावें व इतरांचें आणावें. धाडण्यास ‘पुश’ व आणण्यास ‘पुल’ म्हणतात. आणि एक ठिकाण बुडालें तरी कोणाहि एकाच्या घरच्या प्रतीवरून तें पुन्हां उभें करतां येतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिट आणि ‘गिटहब’ एक नव्हेत. गिटहब हें २००८ सालीं सुरू झालेलें, प्रती ठेवण्याचें व परस्परांचें काम तपासण्याचें एक ठिकाण आहे; २०१८ मध्यें तें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विकत घेतलें. चावडीची इमारत आणि फेरफाराची पद्धत यांत जो फरक, तोच येथें. या ठिकाणाचा उपयोग मोठा आहे. नवख्यानें आपला बदल तेथें मांडावा, इतरांनीं तो वाचावा, हरकती घ्याव्या, आणि ज्याच्याकडे मंजुरीचा अधिकार असेल त्यानें तो स्वीकारावा किंवा परत करावा. लिहिणारा एक व मंजूर करणारा दुसरा, असें मी मघाशीं म्हटलें तें हेंच. हरकत आली म्हणजे आपला अपमान झाला असें नवख्यानें मानूं नये, आणि हरकत घेणारानेंहि बदलावर बोलावें, माणसावर बोलूं नये, हें दोघांसहि शिकवावें लागतें.

आतां भाषेचा प्रश्न. आज्ञा इंग्रजींत आहेत व त्या तशाच राहणार. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलास त्या शब्दांचा अर्थ कोणी सांगत नाहीं, म्हणून ते त्यास मंत्रवत् वाटतात. शब्द इंग्रजी राहूं द्यावे, उलगडा मात्र मराठींत करावा. मुंबईच्या आय. आय. टी. चा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम संगणकाचे लहान लहान धडे अनेक भारतीय भाषांतून ऐकवितो. अशा धड्यांचा आधार घेतां येतो. परंतु शेजारीं बसून, मुलाच्या हातांतून कळफलक न ओढून घेतां, ‘आतां यंत्र काय म्हणालें तें वाच पाहूं’ असें म्हणणाऱ्या शिक्षकाची जागा कोणताहि धडा घेऊं शकत नाहीं. शिक्षकानें स्वतः भराभर आज्ञा देऊन घोळ निस्तरला तर घोळ निस्तरतो, मूल शिकत नाहीं.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें आहे. चौघांनीं मिळून केलेल्या कामांत एकाचा आवाज मोठा असतो, आणि शेवटीं काम त्याचेंच म्हणून ओळखलें जातें. मागच्या बांकावर बसून, न बोलतां, रात्रीं घरीं जाऊन सर्वांत कठीण भाग लिहिणारी एकादी मुलगी त्या निकालांत कोठेंच दिसत नाहीं. जेथें इतिहास प्रामाणिकपणें ठेवला जातो तेथें कोणती ओळ कोणी, केव्हां आणि कां लिहिली हें विचारतां येतें. अर्थात् नोंदींतलें नांव लिहिणाराच घालतो. सहीची वेगळी सोय केल्यावांचून तें अकाट्य ठरत नाहीं. तरीहि प्रत्येकाने आपल्या हातानें, आपल्या नांवें, आपल्या कारणासह नोंद करावी अशी वर्गाची चाल पडली, तर न बोलणाऱ्याचें श्रेय बुडत नाहीं आणि बोलणाऱ्याची जबाबदारीहि टळत नाहीं. खेड्यांतून आलेल्या नवशिक्यास उद्यां जगांतील कोणत्याहि देशाच्या माणसांबरोबर काम करावयाचें आहे. तेथें त्याचें घराणें, त्याचे उच्चार, त्याचें गांव कोणी पाहणार नाहीं. त्याच्या नोंदी पाहतील. त्या नीट लिहावयास त्यास वेळेवर शिकविणें, हें आपलें कर्तव्य आहे.

पोथी उतरून घेणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं शेवटच्या पानावर वाचकास विनंति करून ठेविलेली असे कीं हिला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा. पोथी जपण्याचा तो उपदेश आपण पाळला. बदल लिहून ठेवण्याची शिस्त मात्र महसुली दप्तरापुरतीच राहिली. ती शिस्त आतां प्रत्येक लिहित्या हातापर्यंत पोंचूं शकते. नव्या मुलांनीं ती भीतीपोटीं न शिकतां समजून शिकावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.